बाईच्या पायाने क्लच जळत नाही

दिवाळी अंकासाठी गॅरेजमधले गमतीदार किस्से लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती घडल्या, नाही असं नाही. एका कापड दुकानदाराच्या बॉनेटखाली मांजरीने पिल्लं घातली, तर पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत तो बिचारा रिक्षाने फिरला. पण लिहायला बसलो की गंमत मागे राहते आणि राग वर येतो. म्हणून रागाचंच लिहितो. दिवाळीत फराळाबरोबर थोडं तिखटही चालतं आमच्याकडे.

धुळ्यात साक्री रस्त्याला माझं गॅरेज आहे. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं काम माझा जोडीदार युसूफभाई करतो. मी वर बसून आवाज ऐकतो. जुन्या गाडीचं निम्मं निदान कानानेच होतं. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावला की तो काहीतरी सांगतो. जुन्या गाडीचं तसं नाही. तिला चालवावं लागतं, आणि ती रोज चालवणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. हे दुसरं काम आमच्या धंद्यातली बहुतेक माणसं करत नाहीत. माझा राग तिथेच सुरू होतो.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी गॅरेज उघडत होतो तेवढ्यात एक जुनी पांढरी हॅचबॅक आत शिरली. ती दिसायच्या आधी मला ऐकू आली. दूरवर पिठाची गिरणी चालावी तशी घूंऽऽ अशी घरघर. गाडीतून चाळिशीच्या एक बाई उतरल्या. साडीवर पांढरा कोट, पायात साधी चप्पल. साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका उपकेंद्रात नर्स होत्या. नाव शकुंतला, पण सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

"नाना तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"मग ऐका. गाडीला दोन दुखणी आहेत. एक हा आवाज. पावसाळ्यापासून येतोय आणि वाढतोय. दुसरं, क्लच. एकदा बदलला, पुन्हा तेच झालं. परत बदलला, आता परत तेच. चढ लागला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही."

पेशंटचं बोलणं रोज ऐकणारी बाई ती. काय दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, सगळं नीट क्रमाने सांगितलं. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी चांगली तक्रार मला फार थोड्यांनी सांगितली असेल. लोक नुसतं म्हणतात, "नाना, काहीतरी वाजतंय, बघून घ्या."

"मग आधीच्या मेकॅनिकने काय सांगितलं?" मी विचारलं.

सिस्टर जराशा हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "मला काही सांगितलं नाही. मिस्टरांना सांगितलं. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, पण मी शेजारी उभी असताना बोलणं सगळं त्यांच्याशी. आवाज टायरचा आहे, दुर्लक्ष करा. आणि क्लच..." त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. "बाईच्या पायाने क्लच जळतो म्हणे. बायका पाय पेडलवरच ठेवतात. वहिनींना सांगा, बसने जा."

घरी मग तेच झालं. मिस्टरांनी गाडी विकायला काढली. चाळीसगावचं गिऱ्हाईक येत्या रविवारी येणार होतं. सिस्टरांच्या पाड्यांवर बस जाते, पण ती तिच्या मर्जीने जाते. लसीचा डबा मांडीवर घेऊन फाट्यावर उभं राहायचं, आणि अडलेली बाई असली तर कुणाच्या मोटारसायकलवर बसायचं, हे सगळं त्यांनी गाडी येण्याआधी केलेलं होतं. गाडी गेली तर पुन्हा तेच.

"रविवारच्या आत दुरुस्त करून हवी का?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. आतापर्यंत शहरी मराठीत बोलणारी बाई एकदम अहिराणीवर आली. "इकी टाकतीन तर इकू द्या, नाना. पन मना पायना दोष शे का नही, एवढंच माले सांगा."

गाडी विकली तर विकू दे, पण दोष माझ्या पायाचा आहे की नाही एवढं सांगा. मला हे वाक्य ऐकून काय झालं ते सांगता येत नाही. कितीतरी वर्षं गाड्या तपासल्या, पण कुणी आपल्या पायाची निर्दोष सुटका मागायला आलेलं नव्हतं.

"तुम्हीच चालवा," मी म्हणालो आणि शेजारी बसलो.

आता हे बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. गाडीत घरघर येते तेव्हा आधी ती कुणाची हे ठरवायचं. कुसुंब्याच्या दिशेला रस्ता मोकळा मिळाला तसं मी त्यांना वेग वाढवायला सांगितलं. घरघर वाढली. मग म्हणालो, क्लच दाबा, गिअर काढून घ्या, गाडी नुसती वाहू द्या. इंजिन शांत झालं, पण घरघर तशीच राहिली. म्हणजे तिचा इंजिनशी संबंध नाही, चाकाशी आहे. चाकाचं म्हणजे एक तर टायर, नाहीतर बेअरिंग. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. गुळगुळीत डांबरावर कमी, खडबडीत रस्त्यावर जास्त. आमचा आवाज दोन्हीकडे सारखा होता. शेवटी मी म्हणालो, स्टिअरिंग जरा उजवीकडे घ्या, आता डावीकडे. उजवीकडे घेतलं की गाडीचा भार डाव्या चाकावर पडतो. उजवीकडे वळताना घूंचं घुर्रर्र झालं. डावीकडे वळताना आवाज जवळजवळ गेला.

"डावं पुढचं," सिस्टर माझ्याआधी म्हणाल्या. "मी मिस्टरांना म्हणत होते, डावीकडून येतंय. डाव्या पायाला कंप लागतो."

बाई आठ-दहा महिने घरात बरोबर निदान सांगत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं.

मग क्लच. येताना चढाच्या रस्त्याने आलो. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला हात. इंजिनाची चकती फिरते, तिला दुसरी एक प्लेट घट्ट चिकटते, आणि तिचं फिरणं गिअरमधून चाकांपर्यंत जातं. पेडल दाबलं की हात सुटतो, सोडलं की पकडतो. हात घामेजला असला तर पकड सुटते. इथे तेच होत होतं. तिसऱ्या गिअरात इंजिनचा आवाज चढला, गाडी मात्र तेवढीच. करपल्याचा वास आला. त्या सगळ्या वेळात मी रस्त्याकडे नाही, सिस्टरांच्या डाव्या पायाकडे बघत होतो. गिअर टाकायचा तेव्हा पाय पेडलवर, काम झालं की पाय बाजूला सपाट. एकदाही टेकवून ठेवला नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी पिढीजात ड्रायव्हर असे चालवत नाहीत.

गॅरेजात आल्यावर युसूफभाईने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. वर आणि खाली धरून हलवलं, तर चाक हातात डुगडुगलं. चाक फिरवत मी वरच्या स्प्रिंगवर तळवा ठेवला. आत खडे भरल्यासारखी खरखर हाताला लागली. सिस्टरांनाही हात ठेवायला सांगितला. त्यांनी ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"याने काय होऊ शकतं?" त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. बेअरिंग तापतं, तापून फुटतं. चाक जाम होतं नाहीतर मोकळं होतं. सपाट रस्त्यावर एक वेळ निभावतं. घाटात वळणावर झालं तर गाडी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

सिस्टर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "परवाच एका अडलेल्या बाईला मागच्या सीटवर घालून आणलं साक्रीला. पोटात पोर, आणि बरोबर तिची सासू."

माझं डोकं तापलं होतं. दुर्लक्ष करा म्हणे! गाडीत मुकाट बसलेल्या त्या तीन-चार जिवांना न विचारता कुणीतरी हे ठरवून टाकलं होतं. जॅक लावून चाक हलवून बघायला किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत होतं ते.

"गाडी ठेवून जा," मी म्हणालो. "क्लच उघडल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी युसूफभाईने गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट हातात घेतली तर ती जवळजवळ नवी होती, पण तेलाने भिजलेली आणि वर करपलेली. पाय ठेवून ठेवून जळालेली प्लेट झिजून पातळ होते, कोरडी असते. ही जाड होती आणि ओली. बोटावर तेल घेऊन हुंगलं. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता. हे काळं, इंजिनचं तेल. वर पाहिलं, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवणारा जो रबरी सील असतो त्याच्या कडेने ओघळ उतरलेला. सील दगडासारखा कडक झालेला, गाडीच्या जन्मापासूनचा असावा. त्यातून थेंब थेंब तेल क्लचवर पडत होतं. कितीही नव्या प्लेटा घाला, भिजणारच.

म्हणजे ज्याने दोन वेळा क्लच बदलला, त्याने दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवून ठेवला होता. सील त्याच्या नाकासमोर होता. भिजलेली प्लेट त्याच्या हातात होती. पहिल्या वेळी एक वेळ नजरचूक म्हणा. दुसऱ्या वेळी काय म्हणायचं?

मी सिस्टरांना फोन लावला. "तुमच्या पायाचा दोष नाही. तेलगळती आहे."

सिस्टरांनी आधी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग, "बरं." मग पुन्हा, "बरं, नाना."

"काम कुणाकडे केलं होतं?"

त्यांनी हायवेवरच्या एका मोठ्या गॅरेजचा पत्ता सांगितला आणि मालकाचं नाव घेतलं, संजू. मी फोन ठेवला. तो संजू माझ्याकडे शिकलेला. माझ्याच खड्ड्यात उभा राहून त्याने पहिला गिअरबॉक्स उतरवला होता. सील बघितल्याशिवाय प्लेट बसवायची नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी सिस्टरांचे मिस्टर आले. दिलीपराव. बाजार समितीत कारकून, बोलायला सज्जन. आल्या आल्या म्हणाले, "नाना, फार खोलात जाऊ नका. जोडून द्या. रविवारी गिऱ्हाईक येतंय. आवाजाचं त्याचं तो बघेल."

"त्याचं तो बघेल म्हणजे?"

"म्हणजे जुनी गाडी आहे, घेणाऱ्याला कळतं ना."

"दिलीपराव, बेअरिंग फुटायला आलंय. हे असं जोडून मी देणार नाही. चाळीसगावचा माणूस यात बायकापोरं घालून घरी नेईल."

त्यांचा चेहरा लाल झाला. "गाडी माझी आहे."

"गाडी तुमची. हात माझे." माझा आवाज चढला होता, युसूफभाई खड्ड्यातून डोकं वर काढून बघायला लागला. "आणि एक सांगा, बाई इतके महिने सांगत होती डावीकडून आवाज येतो. तुम्ही एकदा तरी गाडीत बसून ऐकलंत का?"

"मेकॅनिकने सांगितलं टायरचा आहे. मला काय कळतं? त्याच्यावर विश्वास ठेवला."

"त्याच्यावर ठेवला. तिच्यावर का नाही?"

मी त्यांना हाताला धरून गाडीकडे नेलं. भिजलेली प्लेट दाखवली, गळणारा सील दाखवला. बेअरिंग तोपर्यंत प्रेसने दाबून काढलेलं होतं. त्याच्या आतल्या कड्यावर खड्डे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे. दिलीपरावांनी त्यावरून बोट फिरवलं. परत फिरवलं.

"घरी मी तिला चारचौघांत बोललोय," ते हळूच म्हणाले. "तिच्या भावांसमोर. तुला गाडी झेपत नाही म्हणून."

मला त्यांचा राग आला होता, पण त्या क्षणी तो थोडा निवला. माणूस लबाड नव्हता. त्याला कुणीतरी सोपं वाक्य दिलं आणि ते त्याला पटलं, कारण ते बायकोबद्दल होतं. हेच शेजारच्या पुरुषाबद्दल कुणी सांगितलं असतं तर त्याने दोन प्रश्न विचारले असते.

नवा सील घातला, नवी प्लेट, नवं बेअरिंग. चाक हाताने फिरवलं तर नुसता वारा. सिस्टर न्यायला आल्या तेव्हा दिलीपराव बरोबर होते. ते सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. मी म्हणालो, "तुम्ही मागे बसा." बसले. सिस्टरांनी गाडी काढली, आम्ही त्याच रस्त्याने त्याच चढावर गेलो. इंजिन ओढत होतं आणि गाडी त्याच्याबरोबर चालत होती. गाडीत इतकी शांतता होती की दिलीपरावांच्या खिशातला फोन वाजला तर आम्ही सगळेच दचकलो.

चाळीसगावचं गिऱ्हाईक होतं. दिलीपराव म्हणाले, "नाही हो, विकायची नाही आता. आमच्या घरात चालवणारं माणूस आहे."

सिस्टर पुढे बघत राहिल्या. गिअर बदलला आणि पाय बाजूला सपाट ठेवला.

कुणाला वाटेल की आता नानाचा राग उतरला असेल. नाही उतरला. दुसऱ्याच दिवशी ती भिजलेली प्लेट आणि कडक सील पिशवीत घालून हायवेवर संजूकडे गेलो. त्याचं गॅरेज बघण्यासारखं आहे. फरशी बसवलेली, गिऱ्हाइकाला बसायला एसी खोली. मला बघून धावत आला, पाया पडला, चहा मागवला.

मी पिशवी त्याच्या टेबलावर उलटी केली. त्याने बघितलं आणि त्याला सगळं कळलं. कारागीर चांगला आहे तो, म्हणून तर जास्त राग.

"नाना, त्या दिवशी सील मिळाला नाही दुकानात," तो म्हणाला. "गिऱ्हाईक घाईत होतं. म्हटलं, चालेल थोडे दिवस."

"आणि परत आली तेव्हा?"

"परत आली तेव्हा काय सांगू? चूक माझी होती म्हणून सांगू? फुकट काम करावं लागलं असतं, वर नाव खराब. मग तेच म्हणालो, जे बठ्ठा म्हणतस."

"काय म्हणतस?"

त्याने नजर चुकवली. "बाईना पाय."

सगळे म्हणतात ते. खरंच म्हणतात. गिअर अडकला, बाईचा हात. गाडी बंद पडली, बाईची घाई. नवरा लगेच मान डोलावतो, बाई स्वतःवरच शंका घेते, आणि मेकॅनिक सुटतो. आमच्या धंद्यात याहून स्वस्त स्पेअर पार्ट नाही.

"तिला जाऊन सांग," मी म्हणालो. "तिच्या दारात जा आणि सांग की चूक तुझी होती."

"नाना, एवढ्यासाठी?" तो कसनुसा हसला. "झालं गेलं. तुम्ही दुरुस्त केलीत ना."

मी बाहेर आलो. वर त्याचा मोठा बोर्ड होता. त्याच्या कोपऱ्यात, देवाच्या फोटोखाली, लाल अक्षरांत माझं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘यांच्या आशीर्वादाने’. उद्घाटनाला आलो होतो तेव्हा ते वाचून मला भरून आलं होतं.

"हे पुसून टाक," मी म्हणालो.

"नाना!"

"पेंटर आण आणि पुस. तोपर्यंत मी इथेच उभा आहे."

एसी खोलीतली गिऱ्हाइकं काचेतून बघायला लागली. संजूने हात जोडले, रागावला, मग रडवेला झाला. ऊन कडक होतं. मी हललो नाही. शेवटी त्याने शिडी मागवली, स्वतः वर चढला आणि पांढरा रंग मारला. मी रिक्षा करून घरी आलो. बायको म्हणाली, पोरासारखा वाढवला त्याला, एवढं ताणायचं होतं का? मी जेवलो नाही.

पावसाळा गेला. संजूचा फोन नाही, माझाही नाही. दसऱ्याला आम्ही पाने-पकडींची पूजा मांडतो. त्या दिवशी तो सोनं घेऊन दारात उभा राहिला. वाळला होता. आपट्याची पानं हातात देऊन वाकायला लागला, तर मी पाय मागे घेतले.

"सिस्टरकडे गया व्हता का?"

"नही."

"मग आधी तिकडे जा. मी कुठे जातोय, आठेच शे."

तो गेला. खरंच जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा फोन आला.

"नाना, तुमचा संजू आला होता. अंगणात उभा राहून म्हणाला, ताई, चूक माझी होती, तुमच्या पायाची नव्हती. मिस्टर होते, सासूबाई होत्या, सगळ्यांनी ऐकलं."

"बरं झालं," मी म्हणालो. "मग माफ केलंत?"

"चहा दिला मी. पण एक विचारलं. म्हटलं, भाऊ, माझं तू सांगितलंस ते बरं केलंस. पण माझ्यासारख्या आणखी किती बायांना असं सांगितलंस, आणि त्यांच्या गाड्या आज कुठे आहेत?"

"मग? काय म्हणाला?"

"कप तसाच खाली ठेवला, नाना, आणि बोटांवर मोजायला लागला."